विश्लेषण : ओव्हन नवा, पण भिंतीतली वायर कुठल्या काळातली?

‘काहीतरी जळतंय,’ असं ताई म्हणाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी आधी ओव्हनमधल्या केककडे पाहिलं. केक व्यवस्थित होता. वास येत होता तो ओट्याच्या कोपऱ्यातून, मिक्सरच्या मागून. तिथे ओव्हनचा जाड तीन पिनांचा प्लग एका पांढऱ्या कन्व्हर्टरमध्ये खोचलेला आणि तो कन्व्हर्टर मिक्सरच्या छोट्या सॉकेटमध्ये. बटण बंद केलं, थोडं थांबून कन्व्हर्टर ओढून काढला. पिनांभोवती तो तपकिरी झाला होता आणि एका बाजूने मऊ पडला होता. सॉकेटच्या एका भोकाची कडही वितळली होती.

तो कन्व्हर्टर मीच आणला होता. ताई घरून केकच्या ऑर्डर घेते. पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, इमारत पंचवीसेक वर्षांची. सेलमध्ये ओटीजी घेतला, घरी आल्यावर कळलं की त्याचा प्लग ओट्यावरच्या सॉकेटमध्ये जातच नाही. मी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो, ‘मोठ्याचं छोटं करायचं ते द्या’ म्हटलं, आणि दुकानदाराने एक शब्द न विचारता काढून दिलं. मी इंजिनीअर आहे. पहिल्या वर्षाला बेसिक इलेक्ट्रिकलचा पेपर चांगल्या मार्कांनी सुटला होता. तरीही त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच होतं की प्लग बसला पाहिजे.

आग लागली नाही, कुणाला शॉक बसला नाही, म्हणून हे निवांत लिहिता येतंय. डेस्कवर काम करताना ‘प्राथमिक अंदाजानुसार शॉर्टसर्किटमुळे आग’ हे वाक्य मी कितीतरी वेळा टाइप केलं आहे. ते वाचून असं वाटतं की वीज अचानक बिथरली. प्रत्यक्षात शॉर्टसर्किट हा बऱ्याचदा शेवट असतो. त्याआधी कितीतरी दिवस एखादी वायर किंवा जोड झेपत नसलेला भार वाहून तापत असतो, त्यावरचं आवरण कडक होऊन तडकत असतं किंवा वितळत असतं. मग एक दिवस दोन तारा एकमेकींना टेकतात. स्वयंपाकघरात हे घडायला ओव्हनसारखं दुसरं साधन नाही, कारण मिक्सर दोन मिनिटं चालतो आणि ओव्हन तासभर.

ओव्हन किती वीज ओढतो?

ओव्हनच्या मागे किंवा दाराच्या कडेला एक छोटी पट्टी चिकटवलेली असते. घेताना आपण लिटर विचारतो, रोटिसरी आहे का विचारतो. ही पट्टी कुणी वाचत नाही. तिच्यावर वॅट लिहिलेले असतात. त्या आकड्याला २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. १५०० वॅटचा ओटीजी साधारण साडेसहा अँपिअर ओढतो, २००० वॅटचा पावणेनऊ, आणि कपाटात बसवायचा ३००० वॅटचा बिल्ट-इन ओव्हन तब्बल १३ अँपिअर. मायक्रोवेव्हच्या बाबतीत एक गंमत आहे. जाहिरातीतले ‘८०० वॅट’ हे पदार्थाला मिळणारी शक्ती सांगतात. भिंतीतून तो त्याहून बराच जास्त, १२०० वॅटच्या आसपास ओढतो. कन्व्हेक्शन मोडवर तर दोन हजारांच्याही पुढे जाऊ शकतो.

आता सॉकेटकडे या. आपल्याकडे घरात दोन मापं असतात, छोटं ६ अँपिअरचं आणि मोठं १६ अँपिअरचं. जुने लोक त्यांना अजून पाचचं आणि पंधराचं म्हणतात. छोटं सॉकेट जास्तीत जास्त १३८० वॅटसाठी आहे, म्हणजे बहुतेक ओव्हन त्याच्या आवाक्याबाहेर. कंपनीने जाड पिनांचा प्लग दिला आहे तो याच कारणाने. मी दुकानातून आणलेल्या कन्व्हर्टरने ओव्हनची ही सूचनाच पुसून टाकली.

त्यात पुन्हा ढिला जोड. सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या वर्षानुवर्षं प्लग काढून-घालून सैल होतात. समजा, तिथला अडथळा अवघा पाव ओहम आहे. दहा अँपिअर प्रवाह गेला की त्या एका ठिपक्यावर २५ वॅट उष्णता तयार होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नची तेवढीच असते, आणि ते टोक शिसं वितळवतं. प्लास्टिकचं काय होणार! प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, म्हणून मोबाइल चार्जरला वर्षानुवर्षं साथ देणारं सॉकेट ओव्हनला महिनाभरात शरण येतं. ओव्हन अर्धा तास चालवून बंद करा आणि प्लगच्या पाठीवर हात ठेवून बघा. कोमट असणं ठीक. हात ठेववत नसेल तर त्या सॉकेटवर तो ओव्हन पुन्हा लावू नका.

एक्स्टेन्शन बोर्डाबद्दल वेगळं सांगायला नको. त्यातली वायर किती बारीक आहे ते बाहेरून दिसत नाही, आणि गुंडाळी करून ओट्यामागे खोचलेली असेल तर तिची उष्णता बाहेर पडायलाही जागा नसते.

मोठं सॉकेट, बारीक वायर

‘आमच्याकडे मोठं सॉकेट आहे,’ असं म्हणून निश्चिंत होणाऱ्यांसाठी ही गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. सॉकेट ही भिंतीवरची पाटी झाली. तिच्यामागे कोणती वायर आहे, ती कुठून आली आहे आणि वाटेत तिच्यावर आणखी काय काय लटकलं आहे, हे पाटी सांगत नाही.

वायरमनच्या भाषेत ‘दीडची’, ‘अडीचची’ आणि ‘चारची’ अशा वायरी असतात. हे आकडे तांब्याच्या तारेच्या छेदाचे, चौरस मिलिमीटरमध्ये. दिवे-पंख्यांना एक किंवा दीडची पुरते. पाइपातून नेलेली दीडची वायर पंधरा अँपिअरच्या आसपास प्रवाह कसाबसा सहन करते. ओव्हनच्या पॉइंटला किमान अडीचची हवी. बिल्ट-इन ओव्हन असेल किंवा डीबीपासून अंतर जास्त असेल तर चारची. शिवाय ही लाइन डीबीमधल्या स्वतंत्र एमसीबीवरून थेट ओव्हनपर्यंत यायला हवी, मध्ये दुसरं काहीही न जोडता.

प्रत्यक्षात काय होतं? स्वयंपाकघराचं नूतनीकरण निघतं. ट्रॉल्या बदलतात, ग्रॅनाइट बदलतं, स्विचबोर्डावर काळ्या काचेची मॉड्युलर प्लेट येते. फ्रीजच्या पॉइंटवरून एक लूप मारून ओव्हनचं नवं सॉकेट काढलं जातं. भिंत फोडायची नाही, टाइल तुटायला नको, ही अट घरमालकिणीपेक्षा इंटिरिअरवाल्याचीच जास्त असते. मग एकाच जुन्या वायरीवर फ्रीज, ओव्हन आणि कधी कधी इंडक्शनही. ओव्हन २००० वॅटचा आणि इंडक्शन २००० वॅटचं एकदम लावलं तर दोघांचे मिळूनच १७ अँपिअरच्या वर जातात. दिवाळीच्या आधीच्या रविवारी हे दोन्ही एकदम चालू असतात, हे कुणाला सांगायला हवं!

ट्रॉल्यांवर दीड-दोन लाख खर्च करणारं घर नव्या लाइनच्या काही हजारांसाठी वायरमनशी घासाघीस करतं, याचा मला राग येतो. वायर दिसत नाही, पाहुण्यांना दाखवता येत नाही, एवढंच तिचं पाप.

बिल्ट-इन ओव्हनमध्ये आणखी एक चूक सर्रास दिसते, सॉकेट आणि त्याचं बटण थेट ओव्हनच्या पाठीमागे. काही झालं तर बंद करायला हात पोचत नाही, आणि ओव्हनच्या उष्णतेने सॉकेट कायम शेकत राहतं. प्लग बाजूच्या कपाटात, आणि बटण हात जाईल अशा उघड्या जागी हवं. वायर ओव्हनच्या पाठीला टेकून जाणार नाही, हेही बसवतानाच पाहायचं.

रंगांचाही घोळ आहे, आणि तो वायरमनलाही चकवतो. ओव्हनच्या दोरीत तपकिरी वायर फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थची असते. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये मात्र लाल, पिवळा आणि निळा हे तिन्ही फेजचे रंग, आणि न्यूट्रल काळा. म्हणजे भिंतीतली निळी वायर फेजची असू शकते आणि ओव्हनची निळी न्यूट्रलची. ‘निळ्याला निळी’ जोडून मोकळं होणारा माणूस स्वतःला हुशार समजत असतो. दुबई-मस्कतहून आणलेल्या ओव्हनचा चौकोनी पिनांचा प्लग कापून आपला प्लग लावताना तर हे हमखास होतं.

एमसीबी पडतो म्हणून मोठा एमसीबी?

ओव्हन लावला की एमसीबी पडतो. वायरमनला बोलावलं जातं. तो सोळाचा काढून पंचवीसचा किंवा बत्तीसचा टाकतो. एमसीबी पडायचा थांबतो, सगळे खूश. जुन्या घरांत किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार अडकवायचे, त्याची ही सुधारित आवृत्ती.

एमसीबी ओव्हनचं रक्षण करायला नसतो, माणसाचं तर नाहीच. तो भिंतीतल्या वायरीचा राखणदार आहे. आणि तो आपल्याला वाटतो तितका कडकही नाही. घरगुती एमसीबीच्या मानकानुसार लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाह गेला तरी तासभर तो पडता कामा नये, आणि १.४५ पट गेला तर तासाभरात पडला पाहिजे. म्हणजे १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअर आरामात चालू देतो, आणि २३ अँपिअरलाही पडायला तासभर घेऊ शकतो. ३२ चा एमसीबी तर ३६ अँपिअरलाही तासभर हलणार नाही. त्याच्यामागे दीडची वायर असेल तर वायर आधी जळेल आणि एमसीबी नंतर पडेल. एमसीबीचा आकडा वायरीवरून ठरतो, ओव्हनवरून नाही. आकडा वाढवायचा असेल तर आधी वायर बदलावी लागते.

हिरवी वायर कुठे जाते?

आता ज्याच्यामुळे हा लेख लिहायला घेतला, ती गोष्ट. ओव्हनचं अंग लोखंडी पत्र्याचं असतं. आत तापणारा एलिमेंट आहे, तो रोज तापतो आणि थंड होतो. आज ना उद्या आतला विद्युतप्रवाह त्या पत्र्यापर्यंत पोचू शकतो. तसं झालं तर त्याला जमिनीत जायला सोपी वाट हवी, म्हणजे एमसीबी लगेच पडेल. ती वाट म्हणजे अर्थिंग. थ्री-पिन प्लगची वरची पिन इतर दोघींपेक्षा लांब असते ती याचसाठी. प्लग घालताना अर्थ सर्वांत आधी जोडला जावा आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावा.

ती वाट नसेल तर प्रवाह ओव्हनच्या पत्र्यावर थांबून राहतो आणि दार उघडायला येणाऱ्या हाताची वाट पाहतो. अनेक घरांत ओव्हनला हात लागला की झिणझिण्या येतात. त्यावर घरगुती उपाय ठरलेला आहे, रबरी चप्पल. ओट्याजवळ एक जोड त्यासाठीच ठेवलेला मी दोन घरांत तरी पाहिला आहे. झिणझिण्या म्हणजे अर्थिंग नाही, एवढा सरळ अर्थ आहे त्याचा. चप्पल घालून तो बदलत नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे खोटं अर्थिंग. घरात अर्थची वायरच नसते, पण ग्राहक ‘अर्थिंग हवं’ म्हणतो. मग सॉकेटच्या आत न्यूट्रलच्या स्क्रूवरून अर्थच्या स्क्रूवर इंचभर वायरचा तुकडा जोडला जातो. टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावून दाखवला की छान पेटतो. ‘बघा, अर्थिंग ओके.’ ताईच्या घरी आलेल्या पहिल्या वायरमनने हेच केलं होतं. मी सॉकेट उघडायला लावलं तेव्हा तो म्हणाला, ‘दादा, काही होत नाही. सगळीकडे असंच असतं.’

सगळीकडे असतं, हे त्याचं बरोबर असावं. काही होत नाही, हे मात्र चूक. वाटेत कुठेही न्यूट्रलची वायर सुटली की ओव्हनचा सगळा पत्रा २३० व्होल्टला येतो, आणि तेही ओव्हन पूर्णपणे ठणठणीत असताना. शिवाय थोडीशी गळती होत असेल तर ती या तुकड्यातून न्यूट्रलमध्येच परत जाते, त्यामुळे गळती ओळखायला बसवलेला आरसीसीबीही आंधळा होतो. माझं मत विचाराल तर अर्थिंग नसलेलं घर परवडलं, कारण तिथे निदान माणूस जपून वागतो. खोटं अर्थिंग असलेल्या घरात तो बिनधास्त असतो.

ओळखायचं कसं? वायरमनकडून मेन स्विच बंद करून सॉकेट उघडून घ्यायचं. अर्थच्या स्क्रूवर हिरवी वायर हवी आणि ती भिंतीत आत गेलेली हवी, शेजारच्या स्क्रूवर नव्हे. मग डीबी उघडून सगळ्या हिरव्या वायरी एका पट्टीवर येतात का, आणि त्या पट्टीवरून एक जाड वायर खाली मीटर रूमकडे जाते का, हे पाहायला सांगायचं. चांगला वायरमन ओव्हन चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेजही मोजतो. एक-दोन व्होल्ट दिसणं स्वाभाविक आहे. भार असतानाही अगदी शून्य दिसला तर जवळच कुठेतरी तो इंचभर तुकडा असल्याचा संशय घ्यायला जागा आहे. हे सगळं स्वतः करू नका. पण समोर उभं राहून करून घ्या.

पावसाळा आणि आरसीसीबी

आरसीसीबी हा एमसीबीसारखाच दिसतो, पण त्याचं काम वेगळं. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने पूर्ण परत आला का, एवढंच तो पाहतो. ३० मिलिअँपिअर इतका फरक पडला तरी सेकंदाच्या लहानशा अंशात वीज तोडतो. माणूस वाचतो तो याच्यामुळे. त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते दाबून तो पडतो का हे महिन्यातून एकदा पाहायचं. फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला तर मात्र तोही काही करू शकत नाही.

ओव्हनचं आणि आरसीसीबीचं भांडण आपल्याकडे पावसाळ्यात लागतं. ओव्हनच्या नळीसारख्या एलिमेंटमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासून भरलेली असते. ती आतल्या तारेला बाहेरच्या नळीपासून वेगळं ठेवते. पण ती हवेतला ओलावा ओढून घेते. जून ते सप्टेंबर ओव्हन झाकून ठेवला आणि गणपतीत काढला, की पहिल्यांदा लावताच आरसीसीबी पडतो. कोकणात आणि मुंबईत तर हे नेहमीचंच. मग कुणीतरी सल्ला देतो, ‘तो आरसीसीबी फार नाजूक आहे, बायपास करून टाका.’ तो नाजूक नाही, ओव्हन खरोखरच गळतोय. सर्व्हिसवाल्याकडून मेगरने इन्सुलेशन तपासून, एलिमेंट वाळवून किंवा बदलून घेणं हा त्यावरचा इलाज. घराला बायपास करून ओव्हन वाचवण्यात काय अर्थ आहे?

मग जबाबदारी कुणाची?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत अगदी छोट्या जोडण्या वगळता गळती संरक्षणाची अट आहे. वीज पुरवणाऱ्याने जोडणीच्या ठिकाणी अर्थचं टर्मिनल द्यायचं असतं, हेही त्यात आहे. वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून व्हावं आणि नवी जोडणी घेताना त्याचा टेस्ट रिपोर्ट द्यावा, ही पद्धतही आहे. पण तो रिपोर्ट जोडणीच्या दिवसाचा. त्यानंतर पंचवीस वर्षांत घरात गिझर आला, एसी आला, इंडक्शन आलं, ओव्हन आला. पुन्हा कुणी तपासलं? तुमच्या वीजबिलावर ‘मंजूर भार’ असा एक आकडा छापलेला असतो. तो काढून बघा. एक-दोन किलोवॅट लिहिलेलं असेल आणि घरात एकटा ओव्हनच दोन किलोवॅटचा असेल, तर भार वाढवून घेण्याचा अर्ज करायला हवा.

भाड्याच्या घरात प्रश्न आणखी अडतो. भाडेकरू म्हणतो, भिंत माझी नाही. मालक म्हणतो, ओव्हन माझा नाही. अकरा महिन्यांच्या करारात नळाच्या तोटीपासून खिळा मारण्यापर्यंत सगळं लिहिलेलं असतं, अर्थिंगबद्दल एक ओळ नसते. मला वाटतं, ती ओळ असावी आणि तो खर्च मालकाचा असावा. वायरिंग घराबरोबर राहतं, भाडेकरूबरोबर जात नाही.

दुकानदारांनाही यातून सुटका नको. ओव्हन विकताना दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घ्या म्हणून मागे लागतात, घरी येऊन फुकट डेमो देतात, केक कसा करायचा दाखवतात. डेमोला येणाऱ्या माणसाने आधी सॉकेट पाहावं, अर्थिंग मोजावं आणि ते नसेल तर ओव्हन चालू करायला नकार द्यावा. एसी बसवणारा माणूस जागा, पॉइंट आणि स्टॅबिलायझर आधी विचारतो. ओव्हनला ही शिस्त का नाही? घरगुती बेकिंग करणाऱ्यांना तर हे आणखी लागू आहे. त्यांच्यात अन्न परवान्याची चर्चा होते, डब्यावरच्या लेबलची होते. डिसेंबरात सलग पाच-सहा तास ओव्हन ज्या वायरीवर चालतो तिची कुणी काढत नाही.

ताईकडे दुसरा, परवानाधारक वायरमन आला. डीबीपासून ओट्यापर्यंत चारची स्वतंत्र लाइन ओढली, २० चा एमसीबी बसवला, आरसीसीबी लावला. भिंत न फोडता पट्टीतून वायर नेली, दिसायला जरा वाईट दिसते. वायर, सामान आणि मजुरी मिळून खर्च ओव्हनच्या किमतीपेक्षा कमीच आला, आणि बऱ्याच बोलण्यानंतर घरमालक काकांनी निम्मा दिला. शेवटी त्याने डीबीतली अर्थची वायर मोजली तेव्हा कळलं की ती मीटर रूमपर्यंत जाते, पण तिथली पट्टी गंजून तुटली आहे. म्हणजे अख्ख्या विंगमध्ये कुणालाच अर्थिंग नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी पत्र दिलं आहे. पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ म्हणालेत. आठ मजले आहेत, ओव्हन किती घरांत असतील कोण जाणे. नवी लाइन आणि नवा एमसीबी तयार असूनही वायरमनने ओव्हन लावू दिला नाही, आणि ताईने या आठवड्यातल्या ऑर्डरचे दोन केक आईच्या जुन्या कुकरमध्ये, तळाला मीठ पसरून केले.